विश्लेषण : माळ्यावर पडलेले डान्स पॅड घरच्या घरी पुन्हा कसे नाचते करता येईल?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत जून ते सप्टेंबर मैदाने चिखलात असतात आणि मुलांची सगळी मस्ती घरात येते. अशा दिवसांत टीव्हीला किंवा संगणकाला जोडून खेळायचे डान्स पॅड उपयोगी पडते. पडद्यावर बाण येतो, त्याच दिशेच्या चौकोनावर तालात पाय टाकायचा. पण हे पॅड एक-दोन पावसाळ्यांत दगा देते. डावा बाण लागत नाही, उजवा आपोआप लागतो, लादीवर पॅड पायाखालून सरकते. अशा खेळण्याची दुरुस्ती करणारा तालुक्याच्या ठिकाणी सहसा मिळत नाही आणि पॅड माळ्यावर जाते. प्रत्यक्षात त्याची आतली रचना दारावरच्या बेलच्या बटणाइतकी साधी असते. त्यात काय बदलता येते आणि कशाला हात लावू नये, याविषयी…

हा खेळ आला कुठून?

जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ मध्ये ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा खेळ गेम पार्लरसाठी आणला. पार्लरमधल्या यंत्राला धातूचा भक्कम चौथरा होता. पुढच्याच वर्षी प्लेस्टेशनसाठी त्याची घरगुती आवृत्ती आली आणि चौथऱ्याची जागा गुंडाळून ठेवता येणाऱ्या प्लास्टिकच्या चटईने घेतली. खेळात व्यायाम भरपूर होतो. त्यामुळेच अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये आपल्या सर्व ७६५ सरकारी शाळांत तो नेण्याची योजना जाहीर केली. आज भारतात खेळण्यांच्या दुकानांत आणि ऑनलाइन मिळणारी स्वस्त डान्स मॅट ही त्याच चटईची भावंडे आहेत. स्वस्तपणा आणि गुंडाळण्याची सोय यांसाठी मूळच्या भक्कमपणाला कात्री लागली. घरगुती सुधारणांचा सगळा खटाटोप हा भक्कमपणा परत मिळवण्यासाठी असतो.

पॅडच्या आत काय असते?

वरचे चित्र छापलेले रेक्झिन काढले, तर आत प्लास्टिकचे दोन पातळ पापुद्रे दिसतात. दोन्हींच्या समोरासमोरच्या बाजूंवर वीजवाहक शाईच्या काळ्या किंवा रुपेरी रेघा छापलेल्या असतात. मध्ये भोके पाडलेला पातळ स्पंज असतो. पाय पडला की स्पंज दबतो, भोकातून वरची शाई खालच्या शाईला टेकते आणि मंडल पूर्ण होते. पाय उचलला की स्पंज फुगतो आणि संपर्क तुटतो. सगळ्या रेघा कडेच्या एका छोट्या डबीत जातात. तिथली चिप कोणता बाण दाबला हे टीव्हीच्या खेळाला किंवा संगणकाला कळवते. थोडक्यात, पॅड म्हणजे आठ-दहा बटणांचा मोठा रिमोट. म्हणूनच बिघाडही मोजकेच असतात.

कोकणच्या हवेत नेमके काय बिघडते?

चार गोष्टी बिघडतात. पहिली, स्पंज. सतत दबून आणि दमट हवेत राहून तो चपटा होतो. मग पाय उचलला तरी संपर्क तुटत नाही आणि बाण अडकून राहतो. दुसरी, शाई. घड्या घातल्याने रेघेला भेग पडते किंवा टाचेखालची शाई घासली जाते, मग कितीही जोरात नाचले तरी बाण लागत नाही. तिसरी, ओल. दोन पापुद्र्यांमध्ये बाष्प साठले की न दाबताच बाण लागतात. चौथी, जमीन. पॅड गुळगुळीत लादीवर ठेवले की सरकते, पाय मधल्या रेषेवर पडतो आणि दोष पॅडला दिला जातो. यांतला चौथा दोष सर्वांत जास्त आढळतो आणि त्याचा उपाय सर्वांत सोपा आहे.

बिघाड कुठे आहे हे कसे ओळखायचे?

उघडण्याआधी तपासणी करावी. यूएसबीचे पॅड विंडोज संगणकाला जोडल्यावर ‘गेम कंट्रोलर’च्या खिडकीत प्रत्येक बटणाचा दिवा दिसतो. संगणक नसेल, तर अँड्रॉइड फोनला ओटीजी जोडणी लावून गेमपॅड तपासणाऱ्या एखाद्या ॲपवर हेच बघता येते. प्रत्येक बाण टाचेने, चवड्याने आणि कडेला असा तीन ठिकाणी दाबून बघावा. मधोमध लागतो पण कडेला लागत नाही, तर स्पंज किंवा शाई. कुठेच लागत नाही, तर रेघ तुटलेली. सगळेच बाण मेले असतील, तर बहुधा वायर.

डावा आणि उजवा बाण एकदम दाबून बघणेही आवश्यक आहे. या खेळात उडी मारून दोन्ही पाय एकाच वेळी टाकावे लागतात. काही पॅड किंवा जोडणीचे ॲडाप्टर चार बाणांना जॉयस्टिकच्या दिशा समजतात. तिथे डावे आणि उजवे एकमेकांना रद्द करतात आणि उडी मोजलीच जात नाही. हा पॅडचा बिघाड नाही. बाण ‘बटणे’ म्हणून पाठवणारा ॲडाप्टर घेतला की प्रश्न सुटतो.

सरकणारे पॅड स्थिर कसे करायचे?

सर्वांत जुनी आणि खात्रीची सुधारणा म्हणजे पाटावर बसवणे. पॅडपेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठा, १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड घ्यायचा. त्याच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या, पॅड त्यावर ताणून पसरायचे आणि कडा रुंद चिकटपट्टीने किंवा लाकडी पट्टीखाली दाबून बसवायच्या. स्क्रू पॅडमधून कधीही मारू नये, आतली रेघ तुटते. पाटाखाली रबरी चटईचे तुकडे लावले की लादीवर पकड येते.

प्लायवूड निवडताना कोकणातली ओल लक्षात घ्यावी. दुकानात ‘एमआर’ शिक्क्याचा माल स्वस्त मिळतो. तो दमटपणा सहन करतो, पण पाणी नाही. भिजला की फुगून थर सुटतात. आयएस ७१० हा शिक्का असलेला मरीन प्लाय महाग असला तरी अशा हवेत टिकतो. स्वस्त प्लाय वापरायचाच असेल, तर कडांना आणि दोन्ही बाजूंना वॉर्निशचे दोन हात द्यावेत.

पुढची पायरी म्हणजे वरूनही कडक पृष्ठभाग देणे. बाणांच्या चौकोनांवर तीन मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटचे तुकडे आणि उरलेल्या चौकोनांवर किंचित उंच लाकडी फळ्या बसवल्या की पायाला बाणाची कड न बघता कळते. ॲक्रिलिक उडीखाली तडकू शकते आणि काच तर वापरूच नये.

न लागणारा बाण कसा जिवंत करायचा?

पॅडची एक कड शिवण उसवून उघडावी. काहींना वेल्क्रो किंवा चेन असते. उघडण्यापूर्वी आणि प्रत्येक थर उचलताना मोबाइलवर फोटो काढून ठेवले, तर परत जुळवताना गोंधळ होत नाही. शाईवरचा मळ आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या मऊ कापडाने हलकेच पुसावा. घासले तर शाईच निघून जाते.

तुटलेल्या रेघेवर सोल्डरिंग करण्याचा मोह टाळायला हवा. खाली प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तो वितळतो. त्याऐवजी वीजवाहक गोंद असलेली तांब्याची पट्टी दोन्ही बाजूंच्या चांगल्या रेघांवर अर्धा इंच चढवून चिकटवावी. साध्या गोंदाची पट्टी वरून चिकटते, पण वीज पलीकडे जात नाही. जोड तपासताना मल्टिमीटरच्या ‘बीप’वर विसंबू नये. काळ्या शाईचा रोध मुळातच जास्त असल्याने चांगली रेघही बीप देत नाही. रोध मोजण्याच्या आकड्यांवर बघावे.

बाण अडकून राहत असेल, तर चपट्या स्पंजच्या जागी दुहेरी चिकटणाऱ्या फोम टेपचे तुकडे भोकांभोवती लावावेत. उलट, फार जोर लावल्याशिवाय बाण लागत नसेल, तर त्या चौकोनाखाली पातळ पुठ्ठ्याचा एक थर सरकवावा. एका वेळी एकच थर, मग तपासणी. जास्त थर झाले की बाण कायमचा लागून राहतो.

जुने पॅड संपलेच असेल तर?

मग नवे घरीच तयार होते. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांवर ॲल्युमिनियम फॉइल, मध्ये कडेने स्पंजच्या पट्ट्या आणि प्रत्येक फॉइलला एक वायर, की एक बाण तयार. चार बाणांच्या वायरी संगणकाशी बोलणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डाला जोडायच्या. यासाठी एटीमेगा ३२यू४ चिप असलेला आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो योग्य, कारण तो संगणकाला थेट कीबोर्ड म्हणून ओळख देऊ शकतो. प्रचलित आर्डुइनो उनो ते काम सहज करत नाही. सुटे भाग ऑनलाइन मिळतात. पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड हे त्यांचे जुने बाजार आहेत.

हौशी खेळाडू फॉइलऐवजी दाबसंवेदक पट्टी वापरतात. दाब वाढला की तिचा रोध कमी होतो. बोर्ड तो दाब शून्य ते १०२३ अशा आकड्यात वाचतो आणि कोणत्या आकड्याला ‘बाण लागला’ म्हणायचे हे प्रोग्रामच्या एका ओळीत ठरवता येते. वीस किलोच्या मुलासाठी एक आकडा आणि मोठ्यांसाठी दुसरा. बाजारातल्या पॅडमध्ये ही सोय क्वचितच असते.

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. ज्या शाळेत अशी लॅब आहे, तिथे असे बोर्ड आणि सोल्डरिंगची साधने असतात. विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रकल्प चांगला, कारण मंडल, रोध आणि प्रोग्रामिंग हे तिन्ही धडे विद्यार्थ्याच्या पायाखाली येतात.

पुराचे पाणी लागलेल्या पॅडचे काय?

२०२१च्या जुलैमध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले, तेव्हा ओसरल्यानंतर रस्तोरस्ती भिजलेल्या उपकरणांचे ढीग लागले होते. त्या ढिगांत जाणाऱ्या सगळ्याच वस्तू निकामी नसतात. पॅडला फक्त ओल लागली असेल, तर वायर काढून, थर सुटे करून, पंख्याखाली किंवा सावलीत दोन-तीन दिवस वाळवावे. कडक ऊन किंवा हेअर ड्रायर यांनी प्लास्टिक वाकते. गाळाचे पाणी आत गेले असेल, तर पापुद्रे स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवता येतात, मात्र स्पंज बदलावाच. त्यात सांडपाण्याचे जंतू राहतात आणि मुले त्यावर अनवाणी नाचतात. डबीतल्या सर्किटवर हिरवट गंज दिसला, तर ती डबी टाकून नवा बोर्ड लावावा.

एरवीही पॅडची घडी घालू नये. गुंडाळी करून, सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या घालून, जमिनीपासून उंच ठेवावे.

कशाला हात लावू नये?

यूएसबीवर चालणाऱ्या पॅडमध्ये ५ व्होल्ट आणि सेलवरच्या पॅडमध्ये त्याच्या आसपासचा दाब असतो. त्याने शॉक बसत नाही, म्हणून शिकण्यासाठी ही सुरक्षित वस्तू आहे. ही सुरक्षितता भिंतीतल्या प्लगपाशी संपते. अडॅप्टर आणि टीव्ही यांच्या आत २३० व्होल्ट खेळतात, ते घरी उघडू नयेत. पॅडला चार्जर लावायचा असेल, तर बीआयएसच्या नोंदणी खुणेचा घ्यावा. उघडलेल्या पॅडची वॉरंटी जाते, हेही आधी लक्षात घ्यावे.

दुरुस्तीपलीकडे गेलेले पॅड कचरागाडीत टाकणे योग्य नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत खेळणी आणि व्हिडीओ गेमही येतात. ते अधिकृत संकलकाकडेच जायला हवेत.

आपल्या गाण्यांवर नाचता येते का?

येते. संगणकावर ‘स्टेपमेनिया’ हा मोफत आणि मुक्त स्रोत खेळ चालतो. त्यात स्वतःकडचे कोणतेही गाणे घालून, त्याचा मिनिटाला किती ठोके हा वेग भरून, कोणत्या ठोक्याला कोणता बाण हे स्वतः ठरवता येते. आधुनिक टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते, तेव्हा टीव्हीचा ‘गेम मोड’ सुरू करावा आणि खेळातली वेळजुळणी बदलावी. अनेकदा ‘पॅड मंद आहे’ ही तक्रार इथेच मिटते. गणपतीत जाखडीच्या फेरात ज्यांचे पाय ढोलकीवर अचूक पडतात, त्यांना पडद्यावरचे बाण अवघड जाऊ नयेत. ढोलकीच्या ठेक्यावर पावले बसवून फाइल तयार करणे हे घरातल्या मोठ्या आणि लहानांनी मिळून करण्यासारखे काम आहे. त्यासाठी नवे पॅड लागत नाही, माळ्यावरचे चालते.