परागवाहकांची बाग : भाग ७ – एकेरी की डबल?

एकेरी जास्वंदीच्या पाच पाकळ्यांमधून एक लांब दांडा बाहेर आलेला असतो. पुंकेसरांचे तंतू जुळून त्याची नळी बनते. नळीच्या अंगावर पिवळे परागकोश असतात आणि टोकाला कुक्षीचे पाच लाल ठिपके. मकरंद तळाशी साठतो आणि त्यासाठी शिंजीर येतो. डबल जास्वंदीत याच दांड्याच्या जागी पाकळ्यांचा गुच्छ दिसतो. त्या जादा पाकळ्या म्हणजे मुळात पुंकेसरच. त्यांचे रूप बदललेले असते. पाकळी वाढली तेवढा पराग घटला, असा हा सरळ हिशेब आहे.

मागील भागात झेंडूची शिफारस होती. त्यावर, घरचा झेंडू फुलांनी लगडूनही माश्या फिरकत नाहीत, अशी वाचकांची तक्रार आली. तिचे उत्तर या हिशेबात आहे.

पुंकेसराची पाकळी का होते, याचा उलगडा १९९१ मध्ये एन्रिको कोएन आणि इलियट मेयरोविट्झ यांनी मांडलेल्या ‘एबीसी’ प्रारूपातून होतो. फुलाचा कोणता अवयव कुठे घडायचा हे जनुकांचे तीन गट मिळून ठरवतात. त्यांतला ‘सी’ गट निकामी झाला की पुंकेसरांच्या जागी पाकळ्या येतात. जंगलात असे झाड मागे पडते, कारण त्याला बी धरणे अवघड जाते. बागेत मात्र माणूस त्याची छाटकलमे लावून ते जपतो. डबल मोगरा पिढ्यान्‌पिढ्या असाच टिकला आहे.

झेंडू, झिनिया आणि शेवंती यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ज्याला एक फूल म्हणतात, तो अनेक पुष्पकांचा स्तबक असतो. कडेला पाकळीसारखी किरणपुष्पके असतात आणि मध्ये नळीसारखी बिंबपुष्पके. पराग आणि मकरंद मुख्यतः या मधल्या पुष्पकांत मिळतो. ती कडेकडून आत क्रमाने उमलतात, म्हणून एकेरी झिनियात पिवळ्या चांदण्यांचे कडे रोज थोडे आत सरकते आणि एकच स्तबक कित्येक दिवस खाद्य पुरवतो. दसऱ्याच्या गोंड्यात, म्हणजे डबल झेंडूत, जवळजवळ सगळी जागा किरणपुष्पकांनी घेतलेली असते. सातेरी किंवा फुलोरी माशी आलीच, तरी तिच्या हाती फारसे काही लागत नाही.

गोकर्णाच्या बाबतीत फसगत होऊ शकते. एकेरी गोकर्णात मोठी पाकळी खाली पसरते आणि पुंकेसर वरच्या बाजूला झाकलेले असतात. भुंगा आत शिरला की पराग त्याच्या पाठीला लागतो. डबल गोकर्णात सगळ्या पाकळ्या मोठ्या पाकळीसारख्याच होतात आणि ही रचना मोडते. तरीही वेलीला शेंगा धरतात, कारण गोकर्णात स्वपरागणही होते. शेंगा दिसल्या म्हणजे भुंगे येऊन गेले, असे धरून चालत नाही.

निवडीची खूण सोपी आहे. रोपवाटिकेतून रोप फुलावर असतानाच घ्यावे आणि फुलाचा मध्यभाग पाहावा. परागाचा पिवळा डोळा किंवा पुंकेसर स्पष्ट दिसले, तर ते फूल बागेत घ्यावे. बियाण्याच्या पाकिटावर ‘सिंगल’ लिहिलेले पाहून घ्यावे. कॉसमॉस, एकेरी झिनिया आणि एकेरी झेंडू यांना ऊन पुरेसे असले की कुंडीही चालते. तुळस आणि सब्जा यांच्या मंजिऱ्या सगळ्या न खुडता काही फुलू द्याव्यात. बारक्या माश्यांना त्या पुरतात. पुष्परचनेसाठी काढलेल्या सूर्यफुलाच्या काही जातींत पराग नसतो, त्या टाळाव्यात.

हारासाठी गोंडा लावायला हरकत नाही. त्याच्या शेजारी एकेरी वाफा हवा. घरच्या गोंड्याचे बी पेरले की काही रोपांना एकेरी फुले येतात. जात बिघडली म्हणून ती रोपे उपटली जातात. माश्यांसाठी राखायची रोपे नेमकी तीच.