लाखेची तबकडी आणि ‘शीळ’

फाल्गुन महिना आला म्हणजे भंडारा जिल्ह्यातील दिघोरीच्या परिसरात पळस फुलतो आणि रानाने केशरी शेला पांघरल्याचा भास होतो. या पळसाच्या कोवळ्या डहाळ्यांवर लाखेचे सूक्ष्म किडे वस्ती करतात. ते झाडाचा रस शोषून घेतात आणि आपल्या अंगाभोवती राळेसारख्या द्रव्याचे कवच निर्माण करतात. हीच लाख. लाखेच्या बांगड्या तुम्ही पाहिल्या असतील. पण याच लाखेने एके काळी माणसाचा आवाज जपून ठेवला, हे तुम्हांस ठाऊक आहे काय?

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार रंगते. गाणारा गातो, ऐकणारे डोलतात. पहाट होते आणि तो स्वर हवेत विरून जातो. हजारो वर्षे साऱ्याच गवयांच्या वाट्याला हेच आले. तानसेनाची कीर्ती आपल्यापर्यंत पोचली, पण त्याचा आवाज मात्र पोचला नाही. शब्द लिहून ठेवता येतात. गळ्यातील कंप, लकेर आणि आर्तता कशी लिहावी?

१८७७ साली एडिसनने आवाज साठविणारे यंत्र बनविले. पुढे १८८७ साली बर्लिनरने सपाट तबकडीची युक्ती शोधून काढली. गाण्याने हवेत लाटा उठतात. त्या लाटांनी एक पातळ पडदा थरथरतो. पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या चकतीवर नागमोडी रेघ कोरीत जाते. त्या चकतीवरून धातूचा साचा करीत आणि त्या साच्यात चपडा लाख, दगडाची भुकटी व काजळी यांचे गरम मिश्रण दाबून काळ्या तबकड्या काढीत. तबकडी मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेत फिरू लागली व तिच्यावर सुई टेकली, की तीच रेघ पुन्हा गाऊ लागे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटांचे गाणे मावत असे.

भारतात १९०२ साली कलकत्त्यास ध्वनिमुद्रणास आरंभ झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध गायिका गौहरजान हिने कर्ण्यापुढे गाऊन आपल्या तबकड्या भरविल्या. गाणे संपताच ती आपले नाव मोठ्याने उच्चारी. जर्मनीत तबकड्या छापणाऱ्या कारागिरांना कोणते गाणे कोणाचे, हे त्यावरून ओळखता येई. त्या काळी कर्ण्यात तोंड घालून खणखणीत आवाजात गावे लागे. हळुवार स्वर मेणावर उमटतच नसे.

१९२५ च्या सुमारास ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, वापरात आला आणि ही अडचण दूर झाली. आता कुजबुजही तबकडीवर उतरू लागली. तिकडे अमेरिकेत तेव्हा जॅझ संगीताचा बहर होता. तेथील कृष्णवर्णीय गायिका बेसी स्मिथ हिने १९२३ पासून तबकड्या भरल्या. त्यांतील काही गाणी तिने स्वतःच रचली होती. पुराने घरदार गमावलेल्या माणसांचे दुःख तिने १९२७ साली आपल्या एका गाण्यात मांडले. तिचे शब्द कागदावर लिहिता आले असते. परंतु त्या दुःखाचा आवाज आज ऐकू येतो तो तबकडीमुळेच.

आपल्या महाराष्ट्रातही असेच एक नवे गाणे जन्मास येत होते. विदर्भातील ना. घ. देशपांडे आणि गायक जी. एन. जोशी या दोघांचाही जन्म १९०९ सालचा आणि दोघांचेही शिक्षण वकिलीचे. देशपांडे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकरला राहून कविता लिहीत. त्यांच्या ‘शीळ’ या कवितेला जोशी यांनी चाल लावली आणि १९३२ साली ती स्वतः गाऊन तबकडीवर उतरविली. रानात घुमणारी शीळ घरोघर ऐकू येऊ लागली. मराठी भावगीताच्या आरंभीच्या तबकड्यांत या तबकडीचे स्थान फार मोठे आहे.

या गाण्याचे नावीन्य कशात होते? मैफलीत एक राग तासभर रंगे आणि सुरांपुढे शब्द मागे पडत. तीन मिनिटांच्या तबकडीत तेवढा अवकाश नव्हता. जोशी यांनी त्या मर्यादेतूनच वाट काढली. त्यांनी कवितेचा भाव मुख्य मानला आणि स्वरांना त्याच्या सेवेस लावले. जवळच्या माणसाशी बोलावे तसा मृदू आवाज ध्वनिग्राहकाने टिपला. आश्चर्य असे, की ‘शीळ’ हा देशपांडे यांचा कवितासंग्रह १९५४ साली निघाला. संग्रह हाती येण्यापूर्वी बावीस वर्षे ती कविता लोकांच्या कानी पोचली होती!

पुढे थोर गायिका गंगूबाई हनगल यांच्याबरोबरही जोशी यांनी तबकड्यांसाठी गाणी गायिली. १९३८ साली ते ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ या कंपनीत रुजू झाले आणि इतरांचे आवाज जपण्याचे काम त्यांनी हाती घेतले. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस संतूर, बासरी आणि गिटार यांतून उभी करणारी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ सालची दीर्घ ध्वनिमुद्रिकाही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाली. जोशी १९९४ साली निवर्तले, पण त्यांची ‘शीळ’ थांबली नाही.

लाखेची तबकडी मोठी नाजूक. हातून निसटली, की तिचे तुकडे झालेच. पुढे तिची जागा प्लॅस्टिकच्या तबकडीने घेतली, मग फितीने, आणि आज तर खिशातल्या फोनमध्ये शेकडो गाणी मावतात. साधन हाताशी आहे, तरी किती आवाज आपण जपतो? धानाच्या बांधीत रोवणी करताना म्हटली जाणारी गाणी, दंडारीतील वृद्ध गायकाची लकेर, आजीच्या तोंडची ओवी यांच्यापुढे कोणी ध्वनिग्राहक ठेवला आहे काय? एका वकिलाने कवितेवर प्रेम केले, म्हणून एक शीळ आपल्यापर्यंत आली. तुमच्या अंगणातील एखादा स्वर पुढच्या पिढीच्या हाती पोचविणे आता तुमच्याकडे आहे.

स्वाध्याय
१. ध्वनिग्राहक आल्यामुळे गायनात कोणता फरक पडला?
२. तबकडीच्या लहान मर्यादेचा जी. एन. जोशी यांनी कसा उपयोग करून घेतला?
३. घरातील वडीलधाऱ्या माणसाकडून एक जुने गाणे ऐका, ते लिहून घ्या आणि वर्गात म्हणून दाखवा.