मार्गस्थ शिल्प आणि धावता प्रेक्षक

देवळातील मूर्तीपुढे किंवा चौकातील पुतळ्यापुढे मनुष्य उभा राहतो, भोवती फिरतो, वाटल्यास परत येतो. पाहणे केव्हा संपवावयाचे हे त्याच्या हाती असते. हमरस्त्याच्या कडेला उभारलेल्या शिल्पाचा प्रेक्षक मात्र मोटारीत बसलेला असतो. त्याला थांबता येत नाही, मागे वळता येत नाही, आणि त्याची नजर मुख्यतः रस्त्यावरच असणे इष्ट असते. अशा प्रेक्षकासाठी शिल्पाची योजना कोणत्या तत्त्वांवर करावी लागते, ह्याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, बोललेल्या वाक्याप्रमाणे हे शिल्पही कालक्रमानेच प्रतीत होते. जे आधी येते त्याच्या आधारे पुढचे समजते.

प्रथम थोडे गणित पाहू. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार सेकंदाला २० मीटर अंतर तोडते. १८ मीटर उंचीचे शिल्प ५०० मीटरांवरून डोळ्याशी सुमारे २ अंशांचा कोन करते. म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढे ते दिसते. तेथून १०० मीटरांपर्यंत येण्यास २० सेकंद लागतात आणि तेवढ्यात हा कोन १० अंशांपर्यंत वाढतो. उरलेले १०० मीटर अवघ्या ५ सेकंदांत संपतात. शिल्प जेव्हा खरोखर मोठे दिसू लागते, तेव्हाच ते हातचे निसटत असते.

ह्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बारीक कोरीव काम येथे व्यर्थ होय. निरोगी दृष्टीलाही ३०० मीटरांवरून सुमारे ९ सेंटिमीटरांहून लहान तपशील वेगळा ओळखता येत नाही, आणि तोही स्थिर उभे राहून. म्हणून आकाराची बाह्यरेषा, रंग आणि आकाशाशी असणारा विरोध ह्यांवरच सारा भार टाकावा लागतो. दुसरी, शिल्प रस्त्याला फार खेटून असू नये. ते २० मीटरांवर असेल, तर समोरून जाताना सेकंदाला सुमारे ५७ अंशांच्या गतीने दृष्टीआड होते. १०० मीटरांवर असेल, तर हीच गती ११ अंशांवर येते. तिसरी, रस्ता जेथे वळतो त्या वळणाच्या बाहेरील अंगाची जागा उत्तम, कारण तेथे ते चालकाच्या सरळ दृष्टिरेषेतच येते व त्याला मान वळवावी लागत नाही. थांबून उलगडण्याची अपेक्षा करणारे शिल्प रस्त्यावर निरुपयोगी तर असतेच, पण धोक्याचेही ठरू शकते.

ह्या तत्त्वांचे ठळक उदाहरण मेक्सिकोत आढळते. मेक्सिको शहराच्या वायव्येस सिउदाद सातेलिते ह्या नव्या उपनगराच्या तोंडाशी १९५७-५८ मध्ये पाच मनोरे उभारण्यात आले. वास्तुकार लुइस बार्रागान आणि जर्मनीहून आलेले शिल्पकार माथियास गोएरित्स ह्यांची ही कृती. मनोरे काँक्रीटचे, रंगविलेले व त्रिकोणी छेदाचे असून त्यांची उंची ३० ते ५२ मीटर आहे. ते हमरस्त्याच्या मध्यभागी आहेत. छेद त्रिकोणी असल्यामुळे येणाऱ्याच्या दिशेप्रमाणे कधी धारदार कड, तर कधी रुंद सपाट भिंत दिसते. मोटार पुढे सरकते तसतसे मनोरे एकमेकांना झाकतात व पुन्हा सुटे होतात. मनोरे स्थिरच असतात. हालचाल पुरविली जाते ती प्रेक्षकाकडून.

गोएरित्स ह्यांनी पुढे हीच कल्पना विस्तारली. १९६८ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने शहराच्या दक्षिणेकडील पेरिफेरिको मार्गावर १७ किलोमीटरांत विविध देशांच्या शिल्पकारांची १९ शिल्पे उभी राहिली. ह्या मालिकेस ‘मैत्रीचा मार्ग’ असे नाव मिळाले. शिल्प अमूर्त असावे, काँक्रीटचे असावे व भव्य असावे, अशा अटी होत्या. दोन शिल्पांतील अंतर सरासरीने एक किलोमीटरच्या आसपास पडते, म्हणजे वरील वेगाने सुमारे ५० सेकंद. हा विराम महत्त्वाचा आहे. पहिली आकृती मनात ठरण्यास आणि दुसरीची अपेक्षा उत्पन्न होण्यास तो अवसर देतो. मालिकेतील पहिली कृती मेक्सिकन शिल्पकार आंखेला गुर्रिआ ह्यांची असून तिच्या नावाचा अर्थ ‘संकेत’ असा आहे. एक काळा व एक पांढरा असे शिंगांसारखे दोन वक्राकार, उंची १८ मीटर. वाहन पुढे जाते तसे ह्या दोहोंमधील आकाश रुंद-अरुंद होते. संकेताला येथे अक्षरांची गरजच उरत नाही.

काळाच्या ओघात ह्या शिल्पांची बरीच आबाळ झाली. पुढे ह्याच मार्गावर उन्नत रस्ता बांधण्यात आला आणि २०१२ च्या सुमारास अनेक शिल्पे मूळ जागेवरून हलवून इन्सुर्हेन्तेस मार्गाच्या संगमाजवळ आणण्यात आली. त्यांची डागडुजी झाली, ती नष्ट होण्यापासून वाचली, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु जे वाचले ते नेमके काय, हाही प्रश्न विचारावयास हवा. एखाद्या वाक्यातील शब्द जपून एका पेटीत ठेवले, तर शब्द राहतात. वाक्य राहत नाही. मार्गस्थ शिल्पात अंतर, वेग, वळण आणि विराम हीदेखील शिल्पाची द्रव्येच आहेत. तेव्हा अशा कृतीच्या रक्षणाचा विचार करताना काँक्रीटइतकीच रस्त्याचीही नोंद ठेवणे अगत्याचे आहे.