चित्रकथा, स्वतंत्र

चित्रकथा, स्वतंत्र : लेखक-चित्रकाराने मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या नियोजनाबाहेर, स्वतःच्या जबाबदारीवर रचलेली, छापलेली व वाचकांपर्यंत पोहोचविलेली चित्रकथा. चित्रकथा म्हणजे क्रमाने मांडलेल्या चित्रांतून व त्यांना जोडलेल्या शब्दांतून सांगितलेली गोष्ट. महाराष्ट्रात ती ‘कॉमिक्स’ या नावानेच अधिक परिचित आहे. ती केवळ मुलांच्या करमणुकीची वस्तू होय, हा समज दीर्घकाळ रूढ होता. तो बाजारात काय उपलब्ध होते त्यावरून बनला. माध्यमाच्या अंगभूत मर्यादांवरून नव्हे.

चित्रे दाखवीत कथा सांगण्याची प्रथा या प्रदेशात जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख आढळतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळील पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथी परंपरा जतन केली. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. एका आख्यानाची चित्रे सुट्या कागदांवर रंगविलेली असतात व त्यांच्या गठ्ठ्यास ‘पोथी’ म्हणतात. कथेकरी एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरून वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गातो. चित्र किती वेळ डोळ्यांपुढे ठेवावयाचे हे येथे कथेकरी ठरवितो. छापील चित्रकथेत हा अधिकार वाचकाकडे जातो. या परंपरेच्या जतनासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये ‘पद्मश्री’ किताब जाहीर झाला.

आधुनिक चित्रकथेचा आरंभ जिनीव्हा येथील शिक्षक रोदॉल्फ टप्फर (१७९९–१८४६) याच्यापासून मानतात. त्याने शिळामुद्रणाची अशी पद्धत वापरली, की विशेष कागदावर काढलेले चित्र व त्याखालचे हस्ताक्षर दोन्ही कोरक्याच्या मदतीवाचून छापता येत. म्हणजे या कलाप्रकाराचा प्रारंभच एकहाती निर्मितीने झाला. कारखानदारी पद्धत मागाहून आली.

भारतात त्या पद्धतीचे मुख्य केंद्र मुंबई होते. इंद्रजाल कॉमिक्स (१९६४–९०) या मालेने परदेशी वेताळ घरोघर नेला. अनंत पै (१९२९–२०११) यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये अमर चित्रकथा सुरू झाली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम इ. मराठी चित्रकारांचा तिच्या घडणीत मोठा वाटा आहे. या मालांनी पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे निर्विवाद. तथापि विषय संपादकाने निवडावयाचा, संहिता दुसऱ्याने लिहावयाची, चित्रे तिसऱ्याने काढावयाची, या श्रमविभागणीत कथा नेमकी कोणाची हा प्रश्न उरतो. पुराणे व वीरपुरुष यांवरच भर राहिल्याने जातिव्यवस्था व स्त्रिया यांच्या चित्रणावर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. हक्कांचा प्रश्न तर सर्वत्रच आहे. अमेरिकेत ‘सुपरमॅन’चे निर्माते सीगल व शुस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरांना देऊन टाकले व पुढे ते आयुष्यभर झगडत राहिले. भारताच्या १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार अधिनियमानुसार कृतीचा प्रथम स्वामी तिचा कर्ता असतो. परंतु नोकरीच्या करारान्वये केलेल्या कामाचे स्वामित्व, वेगळे ठरले नसल्यास, मालकाकडे जाते. स्वतंत्र चित्रकथाकार आर्थिक जोखीम पत्करतो ती बहुधा यामुळेच.

रॉबर्ट क्रंबचे झॅप कॉमिक्स (१९६८) व टोकिओतील हौशी चित्रकथाकारांचा ‘कॉमिकेट’ मेळा (१९७५ पासून) ही या चळवळीची ठळक उदाहरणे होत. आर्ट स्पीगलमनची माउस ही ज्यूसंहारावरील कथा प्रथम त्याने व फ्रांस्वाझ मूली हिने स्वतः काढलेल्या रॉ या नियतकालिकात क्रमशः आली; १९९२ मध्ये तिला पुलिट्झर पारितोषिकाने गौरविण्यात आले.

भारतात ओरिजित सेन यांच्या रिव्हर ऑफ स्टोरीज (१९९४) या कथेने नर्मदेवरील धरणामुळे विस्थापित होणाऱ्या आदिवासींचा प्रश्न मांडला. त्याच नदीवरील सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गावेही येतात. नवयान या छोट्या प्रकाशनाने काढलेली भीमायन (२०११) ही काटेकोर अर्थाने स्वयंप्रकाशित नसली, तरी रूपाच्या स्वातंत्र्यासाठी तिची नोंद आवश्यक आहे. डॉ. आंबेडकरांच्या जीवनातील अस्पृश्यतेचे अनुभव सांगताना दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान-गोंड चित्रकारांनी चौकोनी चौकट नाकारून आपल्या भित्तिचित्रांतील ‘डिग्ना’ या वळणदार नक्षीने पाने विभागली. सौम्य बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, तर विखारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात घातले. बोलणाऱ्याचा भाव येथे शब्द वाचण्यापूर्वीच कळतो. मुंबईत अभिजीत किणी यांची नऊवारी नेसलेली, भ्रष्टाचाऱ्यांशी लढणारी ‘अँग्री मावशी’ २०१२ मध्ये अवतरली. नायिका अस्सल मराठी असूनही कथा इंग्रजीत आहे, ही मराठी प्रकाशनव्यवहाराने मनावर घ्यावी अशी बाब आहे.

निर्मितीला लागणारी साधने अल्प आहेत. एकाच कागदाला घड्या घालून मध्ये एक काप दिल्यास आठ पानांची पुस्तिका होते. शरद शर्मा यांच्या वर्ल्ड कॉमिक्स इंडिया या संस्थेने याहून सोपा भित्तिपत्रकाचा प्रकार रुजविला : दोन कागद जोडून चार चौकटी आखावयाच्या, त्यांत आरंभ, विकास, कळस व शेवट बसवावयाचा आणि छायाप्रती काढून वस्तीच्या भिंतींवर चिकटवावयाच्या. चित्रकलेचे शिक्षण नसलेली माणसेही आपली तक्रार अशा रीतीने मांडू शकतात. खरी कसोटी रेखाटनाची नसून निवडीची असते. दोन चौकटींमधील रिकाम्या पट्टीत काय घडले ते वाचक मनाने भरतो. पहिल्या चौकटीत उगारलेला हात व दुसरीत फुटलेली घागर एवढे पुरते. घाव काढून दाखविल्यास परिणाम उणावतो. नवशिके सर्व काही दाखवितात व वर तेच शब्दांत लिहितात.

मराठी चित्रकथेला अक्षरलेखनाची स्वतःची अडचण आहे. इंग्रजी चित्रकथेत प्रायः सर्व अक्षरे मोठ्या लिपीत, एकाच उंचीची असतात. देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या, मात्रा व रफार, तर खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असल्याने दोन ओळींत अधिक अंतर सोडावे लागते. परिणामी इंग्रजीसाठी आखलेल्या फुग्यात मराठी मजकूर कोंबला जातो व अक्षर वाचवत नाही. अनुवादित मालांत हा दोष वारंवार दिसतो. यासाठी फुगा आधी लिहून मग चित्र आखणे श्रेयस्कर. उलट एक लाभही आहे. मराठी वाक्यात क्रियापद बहुधा शेवटी येते. वाक्य दोन फुग्यांत विभागल्यास काय घडले हे दुसऱ्या चौकटीपर्यंत कळत नाही आणि पान उलटण्याच्या जागी असे वाक्य ठेवल्यास वाचकाची उत्कंठा आपोआप ताणली जाते.