जाणारा एक, वाटा तीन

स्पॅनिश शिकायला बसलेला मराठी माणूस लवकरच ‘इर’ या क्रियापदापाशी अडखळतो. ‘इर’ म्हणजे जाणे. पण ‘मी जातो’ला ‘बोय’, ‘मी जात असे’ला ‘इबा’, ‘मी गेलो’ला ‘फुई’ आणि ‘मी जाईन’ला ‘इरे’. (‘बोय’ लिहिताना रोमन ‘व्ही’ येतो, उच्चार मात्र ‘ब’च.) ही सारी भावंडे एका घरातली कशी, असा वैताग येतो आणि तक्ता घोकणे सुरू होते. घोकण्याला इलाज नाही. पण याला अंदाधुंदी म्हणण्याआधी आपण आपल्याच तोंडातला ‘गेला’ तपासावा. ‘जातो’, ‘जाईन’ ही रूपे संस्कृत ‘या’ धातूकडून आली, ‘गेला’ मात्र ‘गम्’च्या ‘गत’कडून. हा दोन धातूंचा संसार आपल्याला जन्मभर खटकत नाही. ‘इर’चा संसार तिघांचा आहे, एवढाच फरक.

पहिला धातू लॅटिन ‘ईरे’चा, संस्कृतातल्या ‘एति’चा, म्हणजे ‘इ’ धातूचा तो सख्खा नातलग. त्याची वर्तमानकाळी रूपे ‘एओ’, ‘ईस’, ‘इत’ अशी इवलीशी होती. झरझर बोलण्यात ती ऐकूही येईनाशी झाली, तेव्हा लोकांनी ‘वादेरे’ हे जरा अंगापिंडाचे क्रियापद जवळ केले. त्यातून ‘बोय, बास, बा, बामोस, बाइस, बान’ ही रांग आली. ‘ईबाम’सारखी भरदार रूपे मात्र टिकली, तीच आजची ‘इबा’. तिसरा वाटा सर्वांत गमतीचा. ‘फुई’ हे मुळात ‘असणे’चे, ‘सेर’चे भूतकाळी रूप, आणि त्याचे मूळ संस्कृत ‘भू’शी जुळते. जो तिथे होता तो तिथे गेलेला असणारच, या व्यवहारी हिशेबाने ‘होता’ने ‘गेला’ची जागा घेतली. गोव्यातल्या जुन्या घरांत पोर्तुगीज जाणणाऱ्यांना हे नवे नाही. तिथेही दोन्ही क्रियापदांचे रूप ‘फुई’च. मग ‘होता’ आणि ‘गेला’ यांचा घोळ होत नाही का? क्वचितच. ‘फुए मेदिको’ म्हणजे तो डॉक्टर होता, ‘फुए अल मेदिको’ म्हणजे तो डॉक्टरकडे गेला. मधला इवलासा ‘अल’ निवाडा करून टाकतो.

‘इर’चा हा वाकडेपणा फार वापरामुळेच आला, असे वाटणे साहजिक आहे. पण कुणी विचारील, फार वापराने शब्द वाकडे होत असतील तर रोजचे ‘आब्लार’ (बोलणे) आणि ‘कोमेर’ (जेवणे) सरळ कसे राहिले? आक्षेप रास्त आहे. वापर वाकडेपणा घडवतोच असे नाही. असलेला वाकडेपणा तो राखतो. जे रूप दिवसातून पन्नासदा कानावर पडते ते नियम लावून बनवण्याची वेळच येत नाही, ते आयते जिभेवर असते. उलट ‘आंदार’ (चालणे) पाहा. त्याचे शिष्ट भूतकाळी रूप ‘आंदुबे’, पण स्पॅनिश लोकांच्याच तोंडून नियमाबरहुकूम ‘आंदे’ निसटते आणि व्याकरणकार नाक मुरडतात. ‘फुई’च्या जागी मोठी माणसे अशी चूक करीत नाहीत. आणि नेहमीच्या वापरालाच शेवटी मान मिळतो याचा ताजा दाखला ‘इर’मध्येच आहे: अनेकांना ‘निघा’ म्हणण्यासाठी ‘इदोस’ हे शुद्ध रूप होते, बोलत सगळे ‘इरोस’, 2017 मध्ये स्पेनच्या शाही भाषा अकादमीने ‘इरोस’लाही मान्यता दिली.

वापरात तर मराठी माणसाची बरीच वाट आधीच मळलेली आहे. ‘बोय आ कोमेर’ हे ‘जेवायला जातो’ही असते आणि नुसते ‘जेवणार आहे’ही, पुढच्या बेतासाठी बोलण्यात ही रचना ‘इरे’सारख्या भविष्यकाळापेक्षा जास्त चालते. ‘बा क्रेसिएंदो’ म्हणजे ‘वाढत जाते’, शब्दाला शब्द. ‘मे बोय’ म्हणजे ‘निघतो’. पण या जवळिकीवर फार विसंबू नये. निरोप घेताना आपण ‘जातो’ टाळून ‘येतो’ म्हणतो, आणि कुणी हाक मारली तर आतून ‘आलो, आलो’ ओरडतो. स्पॅनिशमध्ये ‘येणे’चे क्रियापद ‘बेनीर’ (योगायोग असा की तेच आपल्या ‘गम्’चे भाऊबंद) मुख्यतः बोलणारा जिथे आहे तिथे येण्यासाठी राखलेले. म्हणून दाराची कडी वाजली की माद्रिदचा माणूस आतून सांगतो: ‘बोय!’