टर्बोविना ताकद: पैसे कुठे घालावेत?

टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड या जुळ्या गाड्या २०१२ साली बाजारात आल्या. १९९८ सीसीचं बॉक्सर इंजिन, सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिमी, ७००० आरपीएमला सुमारे २०० अश्वशक्ती. दुखणं एकच, पण नेमकं रोज जाणवणारं: साधारण साडेतीन ते साडेचार हजार आरपीएमच्या दरम्यान टॉर्क खाली बसतो. ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबावा, तर गाडी क्षणभर रेंगाळते.

खर्च करायचाच तर आधी इथे करा. चांगल्या घडणीचा एक्झॉस्ट हेडर आणि त्याला जुळवून केलेलं ईसीयू ट्यूनिंग, या जोडीने तो खड्डा बराचसा भरून निघतो. नुसता हेडर बसवून ट्यूनिंग टाळलं तर निम्मं काम राहून जातं. कॉम्प्रेशन रेशो मुळातच १२.५:१ आहे, म्हणून ट्यूनिंग तुमच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलच्या ऑक्टेननुसारच हवं. नाहीतर इंजिन नॉक करेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणारे हेडर मात्र नकोतच. ते अनेक देशांत रस्त्यावर बेकायदा आहेत.

महागडा इनटेक, मोठा सायलेन्सर? आवाज सुरेख, ताकद किरकोळ. कॅमशाफ्ट आणि पिस्टन बदलणं फक्त ट्रॅकवाल्यांनी मनावर घ्यावं.

दुसऱ्या पिढीत कंपनीने स्वतःच व्यास ९४ मिमी केला: २३८७ सीसी, आणि ३७०० आरपीएमलाच २५० न्यूटन-मीटर टॉर्क.