विजयस्तंभाच्या वाटेवर फोटो काढताना
१ जानेवारीला मानवंदनेसाठी निघालेली गर्दी वाघोलीहून पेरणे फाट्याकडे सरकते आणि आपले मोबाईल बाहेर निघतात. अनोळखी माणसाचा फोटो काढता येतो का? रस्त्यावरचा साधा फोटो सहसा गुन्हा ठरत नाही. मात्र शौचालयात असलेल्या किंवा आडोशाला कपडे बदलणाऱ्या स्त्रीचे चोरून चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्याच गुन्ह्याला १ ते ३ वर्षे कैद आहे. २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. माणूस गर्दीत आला म्हणून तो हक्क संपत नाही. म्हणून आपण कायद्याच्या एक पाऊल पुढे राहू. ‘आजी, फोटो काढू का?’ एवढे विचारू. नको म्हणाल्या, तर मोबाईल खिशात. आपण सन्मानासाठीच तर तिथे जमतो.